एमडी-पीएचडीचा अर्ज आणि ‘फुकट डॉक्टरकी’चा हिशेब

महोदय,

डॉक्टरकी आणि संशोधनाची पीएचडी एकत्र देणाऱ्या, अमेरिकेतल्या एमडी-पीएचडी या जोड अभ्यासक्रमाबद्दल आपल्या शैक्षणिक पुरवणीत जे छापून आले, त्यातली ‘फी माफ, वर विद्यावेतन’ ही एकच ओळ वाचकांच्या लक्षात राहिलेली दिसते. ती ओळ खोटी नाही. पण तेवढ्या भरवशावर ज्या घरांत तयारी सुरू झाली असेल, मग ते घर न्यू जर्सीतल्या एडिसनमधले असो की पुण्यातल्या एरंडवण्यातले, त्यांची दोन-तीन वर्षे वाया जाऊ नयेत म्हणून हे पत्र. पत्र लांबले आहे, काटछाट आपल्या हाती.

आधी शब्दांचा घोळ. आपल्याकडे एमडी म्हणजे एमबीबीएसनंतरची पदव्युत्तर पदवी. अमेरिकेत एमडी ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी, आपल्या एमबीबीएसच्या जागी येणारी, आणि तिला प्रवेश मिळतो तो चार वर्षांची कॉलेजची पदवी घेतल्यावर. म्हणजे बारावी झालेल्या मुलाने एमडी-पीएचडीचा अर्ज करायचा प्रश्नच येत नाही, आणि एमबीबीएस झालेल्याचा रस्ता वेगळा आहे. त्याबद्दल शेवटी लिहितो.

क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाने १९५६ मध्ये असा पहिला अभ्यासक्रम सुरू केला. १९६४ मध्ये एनआयएच या सरकारी आरोग्य-संशोधन संस्थेने आइनस्टाइन वैद्यकीय कॉलेज, नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ आणि न्यूयॉर्क विद्यापीठ या तीन ठिकाणी त्यासाठी प्रशिक्षण अनुदान दिले. एमएसटीपी (मेडिकल सायंटिस्ट ट्रेनिंग प्रोग्रॅम) हे नाव तेव्हापासूनचे. आज असे अनुदान मिळणारी पन्नासहून थोडी अधिक विद्यापीठे आहेत आणि अनुदानाविना स्वतःच्या पैशावर अभ्यासक्रम चालवणारी वेगळी. रचना साधारण सगळीकडे सारखी असते. दोन वर्षे वैद्यकाचा पाया, मग तीन-चार किंवा त्याहून जास्त वर्षे प्रयोगशाळेत पीएचडी, मग परत येऊन दोन वर्षे वॉर्डात. एकूण सरासरी आठ वर्षे. त्यापुढे रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयातले विशेषज्ञ-प्रशिक्षण, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्याच्याही पुढची फेलोशिप. स्वतःच्या नावावर पहिले मोठे संशोधन अनुदान मिळेपर्यंत बऱ्याच जणांची चाळिशी उलटलेली असते.

आता ‘फुकट’चा हिशेब. खासगी वैद्यकीय कॉलेजात चार वर्षांचा सगळा खर्च अनेक ठिकाणी साडेतीन लाख डॉलरच्या पुढे जातो. शिवाय १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी ग्रॅड प्लस हे सरकारी कर्ज बंद होत असून डॉक्टरकीसाठी सरकारी कर्जाची मर्यादा वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलर अशी ठरली आहे. त्यामुळे फी माफ असलेला अभ्यासक्रम डोळ्यांत भरणे स्वाभाविक आहे. मात्र जोड पदवीमुळे डॉक्टर म्हणून कमाई सुरू व्हायला चार वर्षे उशीर होतो, आणि त्या चार वर्षांचे बुडालेले उत्पन्न बहुतेक शाखांत माफ झालेल्या फीपेक्षा जास्त भरते. प्रश्न फक्त फीचाच असेल तर दुसरी दारे उघडी आहेत. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या वैद्यकीय कॉलेजाने २०१८ पासून सगळ्यांची फी माफ केली. आइनस्टाइनने २०२४ मध्ये तेच केले. जॉन्स हॉपकिन्समध्ये त्याच वर्षापासून ३ लाख डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील एमडीच्या विद्यार्थ्यांना फी नाही. क्लीव्हलंड क्लिनिकच्या लर्नर कॉलेजात पाच वर्षांचा संशोधनप्रधान एमडी अभ्यासक्रम आहे आणि तिथेही फी पूर्ण माफ असते. प्रवेश समितीवर बसलेल्या माणसाला ‘याला पीएचडी नको, फी माफी हवी’ हे निबंधाच्या दुसऱ्या परिच्छेदात समजते.

संशोधक डॉक्टर व्हायला पीएचडी लागतेच असेही नाही. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल रॉबर्ट लेफकोविट्झ आणि ब्रायन कोबिल्का यांना मिळाले. दोघेही नुसते एमडी. उलट २०२३ चे वैद्यकातील नोबेल मिळवणारे ड्रू वाइसमन यांनी बॉस्टन विद्यापीठातून दोन्ही पदव्या घेतल्या होत्या. ‘पीएचडी कशासाठी, एमडी करून संशोधन का नाही?’ हा प्रश्न प्रत्येक मुलाखतीत येतो. त्याला ठाम उत्तर नसेल तर अर्ज एक वर्ष थांबवलेला बरा.

आकड्यांनीही फसगत होते. दरवर्षी साधारण १८०० च्या आसपास जण एमडी-पीएचडीसाठी अर्ज करतात आणि ७०० च्या आसपास दाखल होतात. हे गुणोत्तर नुसत्या एमडीच्या प्रवेशाइतकेच दिसते, म्हणून ‘तेवढेच अवघड’ असा निष्कर्ष काढला जातो. पण हे १८०० जण आधीच गाळून आलेले असतात. दाखल होणाऱ्यांची एमकॅट या वैद्यकीय प्रवेशपरीक्षेतली सरासरी ५१६ च्या आसपास असते. या परीक्षेचे गुण ४७२ ते ५२८ या पट्टीवर मोजतात, चार विभागांना प्रत्येकी ११८ ते १३२. ५१६ वरून ५२० वर जाण्यासाठी परत परीक्षेला बसण्यात आम्हाला अर्थ दिसत नाही. तो उन्हाळा प्रयोगशाळेत घालवावा. आधीचे गुण लपत नाहीत, आणि वर्षात तीनदा, दोन वर्षांत चारदा, आयुष्यात सातदा ही मर्यादा आहेच.

अर्ज अ‍ॅमकास या सामाईक यंत्रणेतून होतो. टेक्सासच्या सार्वजनिक कॉलेजांसाठी बहुतेक वेळा टीएमडीएसएएस ही वेगळी यंत्रणा आहे. ज्या उन्हाळ्यात शिक्षण सुरू करायचे त्याच्या आदल्या वर्षीच्या मे महिन्याच्या सुरुवातीला अर्ज उघडतो, महिनाअखेरीस सादर करता येतो आणि जूनच्या शेवटी कॉलेजांकडे जाऊ लागतो. मधल्या काळात पडताळणी होते. कॉलेजात घेतलेला प्रत्येक विषय, त्याचे क्रेडिट आणि श्रेणी विद्यार्थ्याने स्वतः भरायची आणि यंत्रणा ती मूळ गुणपत्रकाशी ताडून पाहते. जूनच्या मध्यानंतर गर्दी झाली की याला सहा आठवडेही लागतात. अकरावी-बारावीत असताना कम्युनिटी कॉलेजात घेतलेला एखादा विषय विसरला, त्या कॉलेजचे गुणपत्रक मागवलेच नाही, आणि अर्ज ऑगस्टपर्यंत अडकून पडला, असे दरवर्षी अनेकांचे होते. सादर केल्यावर निबंध आणि अनुभवांच्या नोंदी बदलता येत नाहीत. शिफारसपत्रे मात्र नंतर आली तरी चालतात, पडताळणी त्यांच्यासाठी थांबत नाही. एमकॅट एप्रिलपर्यंत उरकलेली बरी, कारण निकालाला महिना लागतो आणि कॉलेजांची यादी त्या निकालावर ठरते.

निबंध तीन असतात. नुसत्या एमडीसाठी अर्ज करणाऱ्यांनाही जो लिहावा लागतो तो ५३०० अक्षरांचा, ‘एमडी-पीएचडी का’ हा ३००० अक्षरांचा, आणि संशोधनाच्या अनुभवाचा १०,००० अक्षरांचा. मोजणीत मोकळ्या जागाही धरल्या जातात. पहिला सगळीकडे जातो, उरलेले दोन फक्त एमडी-पीएचडी म्हणून निवडलेल्या कॉलेजांकडे. म्हणून पहिल्या निबंधात डॉक्टर का व्हायचे हे स्वतंत्रपणे समजले पाहिजे आणि दुसऱ्यात तेच पुन्हा उगाळायचे नाही. एमडी-पीएचडीची समिती तिन्ही एका बैठकीत वाचते. आजीच्या मधुमेहाचा किस्सा तिन्हींत आला की तो वाचणाऱ्याच्या चांगलाच लक्षात राहतो, आणि त्याने अर्जाचे भले होत नाही.

खरी परीक्षा दहा हजार अक्षरांच्या निबंधाची. सूचनेत चार गोष्टी मागितलेल्या असतात. मार्गदर्शकाचे नाव व संस्था, कालावधी, अभ्यासलेला प्रश्न आणि तुमचा वाटा. पहिल्या तीन सगळे लिहितात. चौथी हरवते. ‘आमच्या प्रयोगशाळेने असे दाखवून दिले की…’ अशी वाक्ये लागोपाठ चार आली की वाचणारा शोधू लागतो, यात हा मुलगा कुठे आहे? प्लाझ्मिड कुणी बांधले, उंदरांच्या गटांची विभागणी कुणी ठरवली, विश्लेषणाचा कोड कुणी लिहिला, वेस्टर्न ब्लॉट तीनदा बिघडल्यावर अँटिबॉडी बदलायची की प्रथिन वेगळे काढण्याची रीत बदलायची हा निर्णय कुणाचा होता, हे लिहायला हवे. फसलेले प्रयोगही लिहावेत. ते का फसले हे ज्याला सांगता येते त्याच्यावर पुढची चार वर्षे पैसे लावायला समिती तयार होते. तंत्रांची यादी देऊन उपयोग नाही, पीसीआर आज शाळकरी मुलेही करतात. प्रत्येक कामासाठी आधी प्रश्न एका वाक्यात, मग तो प्रश्न का महत्त्वाचा, मग आपण काय केले, काय निघाले आणि पुढे काय उरले, या क्रमाने लिहिले की दहा हजार अक्षरे पुरतात. मोठे काम असेल तर त्याला सहा हजार द्यावीत आणि एका उन्हाळ्याच्या कामाला आठशे. सगळ्यांना सारखी जागा वाटून देणे ही सर्रास दिसणारी चूक आहे.

किती संशोधन पुरे? आठ-दहा आठवड्यांचे दोन उन्हाळी प्रकल्प सहसा पुरत नाहीत. एकाच प्रयोगशाळेत सलग दीड-दोन वर्षे काढलेली असावीत, कारण पहिले सहा महिने हात बसण्यातच जातात आणि स्वतःचा प्रश्न त्यानंतर सुचतो. शोधनिबंध छापून आलेलाच हवा असे नाही. इथे पालकांना एक सांगायचे आहे. शाळकरी मुलांच्या नावे शोधनिबंध ‘छापून देणाऱ्या’ सशुल्क सेवांचा जो सुळसुळाट झाला आहे, त्यावर पैसे घालवू नका. मुलाखतीत त्याच निबंधातल्या दुसऱ्या आकृतीवर प्रश्न येतो आणि उत्तर आले नाही की उरलेला अर्जही संशयाच्या नजरेने वाचला जातो. अनुभव कमी वाटत असेल तर पदवीनंतर एक-दोन वर्षे पगारी प्रयोगशाळा-सहायक म्हणून काम करावे. आता बरेच जण तसे करतात आणि त्याला ‘वर्ष वाया’ म्हणण्याचे कारण नाही. बेथेस्डा येथे एनआयएचची स्वतःची पोस्टबॅक, म्हणजे पदवीनंतरच्या संशोधन-अनुभवाची, योजना आहे, ती अमेरिकी नागरिक व ग्रीनकार्डधारकांसाठी.

संशोधनाच्या नादात रुग्ण विसरू नयेत. दवाखान्यात, हॉस्पिसमध्ये (अखेरच्या टप्प्यातल्या रुग्णांच्या शुश्रूषा केंद्रात) किंवा मोफत चिकित्सालयात नियमित काम आणि डॉक्टरांबरोबर काही दिवस निरीक्षण, एवढे तरी असावेच. अनेक कॉलेजांत एमडीची समिती अर्ज वेगळा तपासते आणि उत्तम संशोधन असलेले अर्जही तिथे नाकारले जातात.

शिफारसपत्रे जास्तीत जास्त दहा देता येतात. ज्या ज्या मार्गदर्शकाकडे महत्त्वाचे काम केले त्या प्रत्येकाचे पत्र लागते. एखाद्याचे नसेल तर ते का नाही, हा प्रश्न हमखास निघतो. रोजचे काम पोस्टडॉकबरोबर, म्हणजे पीएचडी झालेल्या कनिष्ठ संशोधकाबरोबर, केले असेल तर पत्राचा तपशील त्याने लिहावा आणि सही प्रयोगशाळा-प्रमुखासह दोघांची असावी. नुसत्या प्रमुखाचे ‘हुशार व मेहनती’ असे अर्ध्या पानाचे पत्र अर्ज बुडवते. पत्र वाचण्याचा हक्क सोडल्याची खूण करावी, नाहीतर पत्राला वजन राहत नाही. मार्चमध्ये विनंती करावी आणि सोबत निबंधाचा कच्चा मसुदा द्यावा.

यादी पंधरा ते वीस कॉलेजांची ठीक. पहिल्या कॉलेजासाठी १७५ डॉलर, पुढच्या प्रत्येकासाठी पंचेचाळीस-पन्नास, मग प्रत्येक कॉलेज स्वतंत्रपणे मागवते त्या दुय्यम अर्जांचे प्रत्येकी साधारण शंभर. वीस कॉलेजांचे मिळून तीन हजार डॉलरच्या घरात जातात, एमकॅटचे साडेतीनशेच्या आसपास वेगळे. यादी क्रमवारी बघून बनवण्याची आपल्याला सवय आहे, पण इथे निकष निराळा. आपल्याला ज्या विषयात काम करायचे आहे त्यात अनुदान असलेले आणि विद्यार्थी घेणारे निदान पाच-सहा प्राध्यापक त्या विद्यापीठात हवेत. एकावर भिस्त ठेवली आणि तो दुसरीकडे निघून गेला तर पंचाईत होते. सध्या एनआयएचच्या पैशाची ओढाताण चालू असल्याने हे जास्तच खरे आहे. आणखी एक, एमडी-पीएचडीला नकार मिळाल्यावर नुसत्या एमडीसाठी अर्ज विचारात घ्यायचा की नाही, याचे नियम प्रत्येक कॉलेजाचे वेगळे आहेत. काही ठिकाणी तशी वाटच नसते. पैसे भरण्याआधी पाहावे.

दुय्यम अर्ज जुलै-ऑगस्टमध्ये येतात, ते दोन आठवड्यांत परत जावेत. काही कॉलेजे कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू ही परिस्थितीजन्य प्रश्नांची चाचणीही मागतात. तिची तारीख चुकली म्हणून बाजूला पडलेले अर्ज असतात. मुलाखती सप्टेंबर ते फेब्रुवारी. नुसत्या एमडीच्या मुलाखतीपेक्षा त्या लांब चालतात, कधी दोन दिवस, आणि पाच-सहा जणांशी बोलावे लागते. त्यांतले निम्मे संशोधक तुमच्या विषयाबाहेरचे असतात. त्यांना स्लाइडशिवाय, पाच मिनिटांत, स्वतःचे काम समजावता आले पाहिजे. पुढचे प्रश्न ठरलेले. तुलनेसाठी कोणता गट ठेवला होता? याच निकालाचे दुसरे स्पष्टीकरण काय असू शकते? उद्या हात मोकळे असते तर पुढचा प्रयोग कोणता केला असता? शेवटच्या प्रश्नावर ‘सरांना विचारून सांगतो’ या थाटाचे उत्तर येते तेव्हा मुलाखत तिथेच संपल्यात जमा असते. एकाहून अधिक ठिकाणी प्रवेश मिळाला तर ३० एप्रिलपर्यंत एकच निवडायचे असते. त्याआधी तिथल्या विद्यार्थ्यांना दोन गोष्टी विचाराव्यात. पीएचडीला प्रत्यक्षात किती वर्षे लागतात, आणि प्रयोगशाळेतून वॉर्डात परतताना उजळणीची काय सोय आहे. मध्येच सोडले तर फीचे काय, हे कार्यालयाला लेखी विचारावे.

आता तो मुद्दा, जो अमेरिकेतल्या मराठी घरांत फार उशिरा लक्षात येतो. एनआयएचच्या प्रशिक्षण अनुदानातून पैसे फक्त अमेरिकी नागरिकांना व ग्रीनकार्डधारकांना देता येतात. त्यामुळे परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी कॉलेजे मोजकी, आणि तिथेही जागा हाताच्या बोटांवर मोजण्याएवढ्या. दोन-तीन वर्षांची असताना आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या एच-४ व्हिसावर आलेली, सगळे शिक्षण तिथेच झालेली मुले आईवडिलांच्या ग्रीनकार्डच्या रांगेत असतानाच एकविशी ओलांडतात, त्यांचा एच-४ संपतो आणि एफ-१ हा विद्यार्थी व्हिसा घेऊन ती कागदोपत्री ‘परदेशी विद्यार्थी’ होतात. गुण तेच, प्रयोगशाळा तीच, पण यादीतल्या वीसपैकी बहुतेक कॉलेजे एका फटक्यात गळतात. अशा घरांनी दहावी-अकरावीतच हिशेब मांडावा आणि प्रत्येक कॉलेजाचे त्या वर्षीचे धोरण ई-मेलने विचारून घ्यावे. नुसती पीएचडी हा या मुलांसाठी दुय्यम पर्याय समजू नये. तिथे नागरिकत्वाची अट बहुतेक ठिकाणी नसते, फी माफ असते आणि विद्यावेतनही मिळते.

महाराष्ट्रातल्या एमबीबीएसधारकांनी अ‍ॅमकासच्या वाटेला जाऊ नये. ही यंत्रणा परदेशी गुणपत्रके पडताळत नाही, बहुतेक कॉलेजांना अमेरिकेतले किंवा कॅनडातले पदवी-शिक्षण लागते, आणि डॉक्टर झालेल्याला पुन्हा डॉक्टरकीला घ्यायला ती तयार नसतात. त्यांनी थेट जीववैद्यक पीएचडीसाठी अर्ज करावा. अंतिम तारखा बहुधा १ डिसेंबरच्या आसपास असतात, जीआरई ही पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा बहुतेक ठिकाणी लागत नाही, तीन शिफारसपत्रे मात्र संशोधन पाहिलेल्या माणसांची हवीत, विभागप्रमुखांच्या छापील नमुन्यातली नकोत. इंटर्नशिपमध्ये वेळ मिळत नाही हे खरे, पण संशोधनाचा एकही अनुभव नसलेला एमबीबीएसचा अर्ज तिथे टिकत नाही. सरकारी कॉलेजातून शिकलेल्यांनी ग्रामीण सेवेच्या बाँडचा निकाल आधी लावावा. देशातही एमबीबीएसनंतर एम.एस्सी. न करता पीएचडीसाठी अर्ज करता येतो, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील (टीआयएफआर) जीवशास्त्र विभाग हे एक उदाहरण.

पीएचडीनंतर अमेरिकेत रुग्णही पाहायचे असतील तर यूएसएमएलई ही ‘स्टेप’ नावाच्या टप्प्यांत होणारी डॉक्टरांची परवाना परीक्षा देऊन संशोधनाची जोड असलेली रेसिडेन्सी शोधायची. इंटर्नल मेडिसिनमध्ये अशी वाट आखलेली आहे. तीनऐवजी दोन वर्षे वॉर्डात आणि नंतर तीन वर्षे संशोधन, त्यात ८० टक्के वेळ प्रयोगशाळेला. यातली मेख अशी की परदेशी पदवीच्या डॉक्टरांना लागणाऱ्या ईसीएफएमजी या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षा सात वर्षांच्या आत उत्तीर्ण व्हाव्या लागतात. पीएचडीला जाण्याआधी उत्साहाने स्टेप १ देऊन ठेवली आणि पीएचडी सहा वर्षे चालली, तर स्टेप २ साठी हातात जेमतेम वर्ष उरते. शिवाय पदवीला पाच वर्षे उलटून गेलेले अर्ज अनेक रेसिडेन्सी कार्यक्रम उघडतही नाहीत. म्हणून पीएचडीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी, पीएचडीची पात्रता परीक्षा पार पडल्यावर, स्टेप १ देणे आणि प्रबंध लिहायला घेण्याआधी स्टेप २ उरकणे, असा बेत मार्गदर्शकाला पहिल्याच वर्षी सांगून ठेवावा. तो ऐकून कपाळाला आठ्या घालणाऱ्याची प्रयोगशाळा निवडू नये.

– वैद्यकीय संशोधनाच्या शिक्षणाशी संबंधित दोन वाचक, पुणे व न्यू जर्सी